पाचवा चोर

सोयाबीनचा एक कट्टा घेऊ. पन्नास किलोचा, सुतळीनं तोंड शिवलेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात असे कट्टे घरोघर दिसतात. भाव पडलेला असतो, म्हणून शेतकरी माल लगेच आडतीवर नेत नाही. थांबू दोन महिने, म्हणतो. आणि थांबलं की राखण आली.

अशाच एका शेतकऱ्याचे दहा कट्टे एका रात्रीत गेले. शेतकरी माझ्या कल्पनेतला आहे, तेव्हा नावगाव विचारू नका. कट्टे कसे गेले असतील, याच्या चार तऱ्हा मांडतो.

पहिली तऱ्हा. कट्टे मळणीच्या जागेवरच, ताडपत्रीखाली. सकाळी येऊन बघतो तर ताडपत्री एकीकडे पडलेली आणि मातीत टेम्पोच्या चाकांच्या खुणा. याला कायदा चोरी म्हणतो. जास्तीत जास्त तीन वर्षं.

दुसरी. कट्टे विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दाराला कुलूप. रात्री कुणीतरी कोयंडा कापून आत गेलं. ही घरफोडी. चौदा वर्षांपर्यंत.

तिसरी. शेतकरी स्वतःच राखणीला, कट्ट्यांशेजारी बाज टाकून झोपलेला. रात्री दोनच्या सुमारास तिघं आले. एकानं मानेला कोयता लावून ‘हललास तर बघ’ म्हटलं, दोघांनी माल टेम्पोत चढवला. ही जबरी चोरी. दहा वर्षांपर्यंत, आणि कोयता लावणाऱ्याला दोषी ठरल्यावर सात वर्षांच्या खाली शिक्षा नाही.

चौथी. सगळं तिसऱ्यासारखंच, फक्त तिघांच्या जागी पाच जण. हा दरोडा. जन्मठेपेपर्यंत.

कट्टे दहाच, भाव तोच, शेतकऱ्याचं नुकसानही पैशा-पैशाला सारखं. तरी गुन्हे चार आणि शिक्षा चार. म्हणजे काय गेलं यापेक्षा ते कसं गेलं, याकडे कायद्याचं लक्ष जास्त. तो आधी विचारतो, उंबरठा ओलांडला का? मग विचारतो, समोर माणूस होता का? आणि शेवटी डोकी मोजतो.

काय गेलं याला अजिबातच किंमत नाही असं मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजार रुपयांची एक रेघ ओढलेली आहे. साध्या चोरीतला माल त्याहून कमी किमतीचा असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र. पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे उघड्यावरचा एक कट्टा गेला तर तो या रेघेच्या खाली, दोन गेले तर जेमतेम वर. पण तोच एक कट्टा कुलूप तोडून नेला, तर ही सवलत उरत नाही. घरफोडी एका कट्ट्याची असो की शंभर कट्ट्यांची, ती दखलपात्रच.

आता वरच्या आकड्यांत एक गोष्ट खटकली असेल. खटकली नसेल तर पुन्हा बघा. माणसाच्या मानेला कोयता लावून लुटलं तर दहा वर्षांपर्यंत, आणि चिटपाखरू नसलेल्या शेडचं कुलूप रात्री तोडलं तर चौदा! मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. चूक नाही. जुन्या दंडविधानाच्या कलम ४५७ मध्ये हेच चौदा होते, नव्या संहितेच्या कलम ३३१(४) मध्येही तेच आहेत. घर हे माणसाचं शेवटचं आसऱ्याचं ठिकाण आणि रात्र ही त्याची सगळ्यात हतबल वेळ. या दोन्हींवर एकदम घाला घातला की कायदा डोळे वटारतो. दिवसा केलेल्या याच घरफोडीला दहा वर्षांची मर्यादा आहे. जबरी चोरीच्या कलमातही चौदा वर्षं आहेत, पण एकाच ठिकाणी: महामार्गावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात. सोलापूर-धुळे महामार्ग वाशी तालुक्यातून जातो. तेरखेडा, सरमकुंडी फाटा, पारगाव या पट्ट्यात रात्री ट्रक अडवून ड्रायव्हरला लुटलं, तर चौदा वर्षांपर्यंत. हाच प्रकार वाशीच्या बाजारात भरदुपारी केला, तर दहा. आपल्या भाषेत या गुन्ह्याला ‘वाटमारी’ असा स्वतंत्र शब्द होताच. कायद्यानं शब्द घेतला नाही, पण वाटसरूची रात्रीची भीती घेतली.

आपल्याकडे रात्र सूर्य बुडाला की सुरू होते. इंग्लंडमध्ये मात्र जुन्या रिवाजानं, समोरच्याचा चेहरा ओळखता येईल इतका दिवसाचा उजेड असेल तर रात्र धरत नसत. पुढे १८३७ च्या कायद्यानं तिथे घड्याळ लावलं आणि रात्री नऊ ते सकाळी सहा ही रात्र ठरवली. १९६८ मध्ये घरफोडीच्या व्याख्येतून रात्रच काढून टाकली. आपण सूर्याला धरून राहिलो. डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला फोडलेलं घर रात्रीचं, मे महिन्यात त्याच वेळी फोडलेलं दिवसाचं. पंचनाम्यात वेळ लिहिताना ‘संध्याकाळी’ एवढंच लिहून भागत नाही, ते यासाठी.

*

वर्तमानपत्रांनी या शब्दांची केलेली खिचडी कोण निवडणार? ‘बंद घरावर दरोडा’ हा मथळा महिन्यातून एकदा तरी वाचायला मिळतो. बंद घरावर दरोडा पडत नाही. पडूच शकत नाही. धाक दाखवायला घरात कुणी नसेल, तर आत शिरलेले चोर पन्नास असले तरी ती घरफोडीच.

याचं मोठं उदाहरण दुसऱ्या वाशीच्या शेजारी घडलं. वाशी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला खाडीपलीकडची नवी मुंबईतली वाशी आठवते; आमच्या धाराशिवकडच्या वाशीला ‘मराठवाड्यातली’ अशी ओळख सांगावी लागते. तर त्या वाशीजवळच्या जुईनगरात बँक ऑफ बडोदाची शाखा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर बँक उघडली तेव्हा ३० लॉकर फोडलेले निघाले. चोरांनी जवळचा गाळा भाड्यानं घेऊन दुकान थाटलं होतं आणि तिथून जमिनीखालून लॉकरच्या खोलीपर्यंत भुयार खणलं होतं. देशभर ‘बँकेवर दरोडा’ म्हणून गाजलं. पुढे पकडलेले लोकही पाचांहून अधिक. पण कुणाला धमकावलं नाही, कुणाला ढकललं नाही, कुणी समोर आलंच नाही. पाच चोर जमले की दरोडा होतो हा समज इथं कोसळतो. आधी जबरी चोरी व्हावी लागते किंवा तसा प्रयत्न तरी. त्यानंतर डोकी मोजायची.

चार शब्द, चार अर्थ. मराठीत ते इतके स्वच्छ वेगळे असताना आपण ते एकमेकांत का मिसळावेत? आपल्याकडे हा भेद इंग्रजांनी आणला, असंही मानायचं कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात तो आहे, मनुस्मृतीतही आहे: धन्याच्या देखत बळानं नेलं तर ते साहस, धन्याच्या माघारी नेलं तर स्तेय. आज आपण शाळेतल्या पोरांना साहस करा म्हणून शिकवतो. त्या शब्दाचं जुनं काम जबरी चोरीचं आहे, हे सहज सांगून ठेवतो.

आणि घरफोडीची सगळ्यात देखणी जुनी हकिकत तर आपल्या रंगभूमीवर आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला शर्विलक. देवलांनी ते नाटक मराठीत आणलं, म्हणून मराठी प्रेक्षकाला तो घरचाच आहे. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या वाड्याला भगदाड पाडतो. मोजायची दोरी विसरलेला असतो, म्हणून गळ्यातलं जानवं काढून त्यानं माप घेतो. भगदाड कुठल्या आकाराचं पाडावं याचाही विचार करतो, आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाचा आकार शोभेल असं ठरवतो. आत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांचा डबा स्वतःच त्याच्या हाती देतो. इथवर निखळ घरफोडी. मग अंधारात दासी रदनिका येते. शर्विलक तिला मारायला सरसावतो, ती बाई आहे हे दिसताच निघून जातो. फौजदारी वकिलाला इथं रंगमंच दिसणार नाही, कलम दिसेल. आणखी एक पाऊल पडलं असतं तर घरफोडीची जबरी चोरी झाली असती.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांच्या कानावर याच गोष्टींची आणखी एक भाषा पडलेली होती. धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि तिथल्या दरबाराची, कचेरीची भाषा उर्दू. उर्दू कायद्यात घरफोडीला ‘नकबजनी’ म्हणतात. नकब म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. जबरी चोरीला ‘सरका बिल-जब्र’. सरका म्हणजे चोरी, जब्र म्हणजे बळजोरी. आपल्या ‘जबरी चोरी’तला जबरी याच जब्राच्या कुळातला. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये मसुदा केलेलं आणि १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झालेलं दंडविधान आमच्याकडे १ एप्रिल १९५१ ला पोहोचलं. इंग्रजी मुलखातल्या बार्शीत लागू असलेला कायदा वाशीला यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. एसटीनं दोन तासांचंही अंतर नाही!

*

मेकॉलेच्या मंडळींना उदाहरणं देण्याची हौस होती. दंडविधान वाचताना मधूनच ‘अ’नं ‘ज्ञ’च्या भिंतीला भोक पाडलं, अशा छोट्या गोष्टी येतात. नव्या संहितेनंही त्या ठेवल्या आहेत. घरफोडीच्या सहा वाटा कायद्यानं मोजल्या आहेत. स्वतः पाडलेल्या भोकातून शिरणं; माणसानं आत जावं म्हणून केलेली नाही अशा वाटेनं, म्हणजे धाब्यावरच्या झरोक्यातून किंवा भिंतीवर चढून शिरणं; घरमालकाला अपेक्षित नाही अशा रीतीनं उघडलेल्या वाटेनं शिरणं; कुलूप उघडून शिरणं; दारातल्या माणसाला मारून किंवा धमकावून शिरणं; आणि आत किंवा बाहेर जायला बंद केलेली वाट मोकळी करणं. भोकातून नुसता हात आत गेला तरी घरफोडी झाली. अख्खा चोर आत जायची गरज नाही.

या यादीत ‘कुलूप उघडून’ आहे, ‘तोडून’ नाही, हे नीट पाहा. कायद्यातलंच उदाहरण आहे: घरमालकाची हरवलेली किल्ली कुणाला तरी सापडते, तो तीच किल्ली लावून आत शिरतो. काही फुटलं नाही, तुटलं नाही, तरी घर फोडलं गेलं. घरफोडीत भिंतीपेक्षा घरमालकाची मनाई फुटते म्हणा.

इथं दुकानदारांनी थांबावं. गोदामाचा चोरीचा विमा काढलाय म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी तर थांबावंच. विम्याच्या करारात घरफोडीची व्याख्या बहुधा वेगळी असते. आत शिरताना बळ वापरल्याच्या दिसतील अशा खुणा ती मागते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं की, भरपाईचा हिशेब पॉलिसीत लिहिलेल्या शब्दांनी होईल, दंडविधानातल्या व्याख्येनं नाही. म्हणजे दुसऱ्या किल्लीनं गोदाम उघडून कुणी तुमचा माल नेला, तर पोलीस ठाण्यात ती घरफोडी आणि विमा कंपनीच्या टेबलावर नुसती चोरी. पैसे मिळतील न मिळतील. पॉलिसीचा तो बारीक अक्षरातला परिच्छेद आज रात्री चष्मा लावून वाचा.

‘घर’ या शब्दाचा पैसही मोठा आहे. राहायची इमारत, तंबू, होडी, पूजेचं ठिकाण, माल ठेवायची इमारत, सगळं यात येतं. म्हणून आपलं पत्र्याचं शेड घर, बँक घर, देऊळही घर. ऊसतोडीला गेलेल्या बिऱ्हाडाची कोपी किंवा पाल हेही कायद्याच्या लेखी राहतं घर, आणि त्यात वाईट हेतूनं शिरणं हे गृह-अतिक्रमण. हे कोपीतल्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं, मुकादमाला ठाऊक असलं तरी तो सांगत नाही.

*

जबरी चोरीची नाडी एका शब्दात आहे: ‘त्यासाठी’. इजा, अडवणूक किंवा धाक हा चोरी करण्यासाठी, किंवा माल घेऊन निसटण्यासाठी असावा लागतो. चोर माल टाकून पळाला आणि मागे लागलेल्यांवर त्यानं दगड भिरकावले, तर दगड लागल्याचा गुन्हा वेगळा. ती जबरी चोरी नाही, कारण दगड मालासाठी नव्हता, जीव वाचवून पळण्यासाठी होता. तोच दगड कट्टा खांद्यावर असताना मारला असता, तर जबरी चोरी.

धाकही ‘आत्ताच्या आत्ता’चा हवा आणि धाक दाखवणारा समोर हवा. हमरस्त्यावर कुणी तुमचं लेकरू उचललं, दरीच्या कडेला नेलं आणि ‘पाकीट दे, नाहीतर ढकलतो’ म्हणाला, तर जबरी चोरी. पण ‘तुझं पोरगं आमच्या माणसांच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव, नाहीतर मारतो’ असा निरोप आला, तर ती खंडणी. दोन्ही उदाहरणं कायद्यातलीच. दहा हजाराचा आकडा एकोणिसाव्या शतकातला आहे, हे लक्षात घ्या. त्या काळी तेवढ्यात गाव विकत आलं असतं.

मंगळसूत्र हिसकावणं हे आपल्या रोजच्या बातम्यांतलं. त्यावर वकिलांचा वाद वर्षानुवर्षं चालला. क्षणात हिसका मारून मोटारसायकल गेली; इजा करण्याचा हेतू होता का? बाईला भीती वाटायला तरी वेळ मिळाला का? महाराष्ट्रात पोलीस सहसा जबरी चोरीचंच कलम लावत आले. नव्या संहितेनं कलम ३०४ मध्ये ‘हिसकावणं’ हा स्वतंत्र गुन्हा केला आणि शिक्षा ठेवली तीन वर्षांपर्यंत. माझं मत विचाराल तर यानं घोळ मिटला नाही. गळ्यावर पोताचा वळ उठला असेल तर ती इजा आहे आणि गुन्हा जबरी चोरीचा आहे, असं फिर्यादी बाईनं ठामपणे सांगितलं पाहिजे. तो वळ दोन दिवसांत मावळतो. डॉक्टरचा दाखला त्याच दिवशी घ्यायचा असतो.

*

पाचामुखी परमेश्वर म्हणतो आपण. कायद्याला पाचांत जमाव दिसतो. बेकायदेशीर जमावालाही पाच लागतात, दरोड्यालाही पाच. त्यात कट्टे उचलणारे तेवढेच धरत नाहीत. तिथे हजर राहून मदत करणारा, टेम्पो चालू ठेवून बसलेला किंवा बांधावर उभा राहून पहारा ठेवणारा, असे सगळे मोजणीत येतात. पाचवा चोर बहुतेक वेळा असाच असतो. त्यानं कशाला हात लावलेला नसतो, आणि त्याच्या असण्यानंच बाकीच्या चौघांची शिक्षा दहा वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत ताणली जाते. म्हणून दरोड्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाचा पहिला रोख या पाचव्यावर असतो. पाच जणांवरच आरोप आहे, त्यांतला एक तिथे नव्हता असं ठरून सुटला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी अनोळखी होता असंही सिद्ध झालं नाही, तर दरोडा टिकत नाही. मागे जबरी चोरी उरते.

दरोड्याचं आणखी एक वेगळेपण. चोरीची नुसती तयारी सहसा गुन्हा नसते, दरोड्याची तयारी असते. दरोड्याच्या बेतानं पाच जण एकत्र जमले, एवढ्यावरही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद, कोयते, मिरची पूड, दोरी जप्त’ ही बातमी या कलमाची.

आणि दरोड्यात पाचांपैकी एकानं खून केला, तर तो पाचही जणांच्या माथी. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरचा सुवर्ण गणेश आठवत असेल. १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २४ मार्च २०१२ च्या पहाटे देवळातून नेला गेला. बंद देऊळ, रात्रीची वेळ. देवळात कुणी नसतं तर ती घरफोडी ठरली असती. पण दोन पहारेकरी होते. दोघांनाही मारून टाकलं. मुखवटा वितळवला गेला. २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयानं पाच जणांना जन्मठेप दिली, सोनं घेणाऱ्या सराफांनाही तुरुंगात पाठवलं. परत मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात बसवला.

*

जबरी चोरीत फिर्यादीनं चोर पाहिलेला असतो. उंची, आवाज, बोलीतला हेल, काहीतरी ध्यानात राहतं. तोंड दिसलं असेल तर तुरुंगात ओळख परेड होते. घरफोडीला चेहरा नसतो. तिथे तपासाला हाती लागतात ते बोटांचे ठसे, आणि मुख्य म्हणजे मुद्देमाल. चोरीचा माल चोरीनंतर लवकरच कुणाकडे सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर चोर तोच किंवा चोरीचा माल जाणून घेणारा तोच, असं न्यायालय धरू शकतं. म्हणून दागिन्यांच्या पावत्या जपायच्या, आणि अंगावर दागिने घातलेला लग्नातला फोटोही.

चेहरा नसलेल्या गुन्ह्याला गाव मात्र चेहरा चिकटवून मोकळं होतं. घर फुटलं की पहिली बोटं गावाबाहेरच्या पालांकडे जातात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्यांतल्या आणि गावांतल्या डोक्यांतून पुरता गेला नाही. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त ते जगणं लिहिलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोट भरायला गेलेले लोक होते.

स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, आणि तो बराच लांबवर देतो. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी रोखताना, गरजच पडली तर, चोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. साध्या चोरीत मात्र जिवाला किंवा जबर इजेला खरोखर धोका वाटला असेल तरच. पण हा हक्क घरफोडीत चोर घरात आहे तोवर, आणि जबरी चोरीत हल्ला किंवा धाक चालू आहे तोवर. पकडून विजेच्या खांबाला बांधल्यावर त्याला मारण्याचा हक्क जगातला कुठलाच कायदा देत नाही.

*

शेवटी पोलीस ठाण्यात जायचं झालं तर. तिथे ‘आमच्याकडे चोरी झाली’ एवढं एकच वाक्य बोलून लोक थांबतात, आणि लिहून घेणारा तेवढंच लिहितो. कुलूप होतं का, ते तुटलं की उघडलं, दिवस मावळला होता का, घरात कोण होतं, कुणाला ढकललं, काय दाखवून धमकावलं, किती जण दिसले, बाहेर कुणी उभं होतं का, हे सगळं आपण होऊन सांगा. तुटलेलं कुलूप उचलून आत ठेवू नका, पंचनामा होईपर्यंत तसंच पडू द्या. दागिन्यांचं वजन ग्रॅममध्ये सांगा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी फिर्याद घ्यावी लागते. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. आणि निघताना प्रत मागून घ्या. ती फिर्यादीला फुकट मिळते.